गाणारा उपदेशक
रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्रावरून मंडळ्यांसाठी एक पाठ

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१४–२३, मार्क १४:२२–२६, प्रेषितांची कृत्ये १६:१९–३४, १ करिंथ १४:१३–१९, कलस्सै ३:१२–१७.

पाठाचा हेतू : गायन हे उपदेशाचे भूषण नसून प्रभूचे वचन लोकांच्या अंतःकरणात वस्तीस नेण्याचा मार्ग आहे, आणि उपदेशकाने आपले गाणे मंडळीच्या हवाली केले म्हणजेच ते फळास येते, हे एका सेवकाच्या आयुष्यावरून समजून घेणे.



आमच्या ह्या रायगडच्या किनाऱ्यावर गाण्यावाचून सहसा कोणतेही काम होत नाही. कोळी बांधव जाळे ओढू लागले की सूर आपोआप निघतो. आषाढात आवणीच्या चिखलात बायका उभ्या राहिल्या की एक म्हणते व दहा जणी झेलतात. लग्न असले तर धवलारीण आल्यावाचून व तिने धवला म्हटल्यावाचून मांडवास शोभा नाही. एकादशीस गावोगाव टाळ वाजतात, आणि गणपतीच्या दिवसांत तर रात्र केव्हा सरली हेही कळत नाही. मग त्याच किनाऱ्यावरचा माणूस ख्रिस्ती होऊन रविवारी उपासनेस बसला, की त्याचा कंठ का बसतो? हा प्रश्न आमच्या पाठाच्या मुळाशी आहे.

आम्ही तो दुसऱ्यांस विचारण्याआधी स्वतःस विचारला पाहिजे, कारण ही चूक आमच्या हातून घडलेली आहे. एका लहान मंडळीत आम्ही काही वर्षे उपासना चालवीत असू. पेटी आम्हीच वाजवावी, गीत आम्हीच निवडावे, आणि निवडावे ते असे की ज्याची चाल आम्हांस व आणखी दोघातिघांस येई. बाकीची मंडळी पुस्तक उघडून स्वस्थ बसत. त्यांत एक वृद्ध विधवा होती. तिला अक्षर येत नव्हते. पण पुस्तक मात्र ती दोन्ही हातांनी धरून बसे. एके दिवशी तिच्या घरी प्रार्थनेस गेलो असता, माप हाती घेऊन भात मोजताना ती काही गुणगुणत होती. आम्ही कान दिला, तो पेरणाऱ्याचा दाखला! प्रभूचा तो दाखला तिने आपल्या माहेरच्या ओवीत बसविला होता. "आजी, हे तुम्ही देवळात का म्हणत नाही?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "साहेब, तिथं तुमचं गाणं असतं." ह्या चार शब्दांनी आमचे डोळे जितके उघडले तितके पुष्कळ प्रवचनांनी उघडले नव्हते. तेव्हापासून रेव्हरंड टिळकांच्या चरित्राकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

१. गाणे कोठून आले

बाणकोटची खाडी ओलांडली म्हणजे रत्नागिरी जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील करजगाव येथे नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेली होती. ती गेली तेव्हा नारायण अगदी लहान होता, आणि त्यानंतर घर त्यास घर राहिले नाही. तो नाशकास गेला व तेथे गणेशशास्त्री लेले यांजपाशी संस्कृत शिकला. १८८० साली त्याचा विवाह झाला. वधू वयाने अवघी अकरा वर्षांच्या आसपास होती. तीच पुढे लक्ष्मीबाई टिळक ह्या नावाने महाराष्ट्रास माहीत झाली.

तरुणपणी टिळकांचे पाय एका ठिकाणी ठरत नसत. कोठे शिक्षक, कोठे वक्ते, कोठे ग्रंथांचे संपादक असे ते फिरत राहिले. उभ्या उभ्या काव्य रचण्याची शक्ती त्यांस होती. परंतु ह्या भटकंतीत त्यांनी एक ठेवा जमविला, तो म्हणजे मराठी संतांची वाणी. तुकोबांचे अभंग त्यांच्या जिभेवर होते. पुढे ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी ही गोष्ट लपविली नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असे ते उघड म्हणत.

१८९३ च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. त्याने नवा करार हाती दिला व तो वाचण्याची विनंती केली. टिळक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथून पुढे त्यांस हलवेना. अखेरीस १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, व त्यानंतर अहमदनगर, ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात, ते त्यांच्या सेवेचे मुख्य ठिकाण झाले.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाप्तिस्म्याच्या पाण्यात टिळकांनी आपले पाप टाकले. आपला कंठ टाकला नाही. दावीद राजवाड्यात आला तेव्हा आपली वीणा मेंढरांपाशी ठेवून आला नाही. जे वाद्य तो रानात वाजवी तेच त्याने शौलापुढे वाजविले, आणि त्याच वाद्याने शौलास विसावा मिळाला. नव्या धन्याच्या सेवेस जुनेच वाद्य लागले, फक्त ते पवित्र झाले.

२. आमच्या गीतांची अडचण काय होती

टिळकांच्या कार्याची किंमत कळण्यास त्यांच्या आधीची स्थिती पाहिली पाहिजे. आमच्याच किनाऱ्यावर १८२० च्या दशकात अमेरिकन मिशनने अलिबाग, चौल, रेवदंडा ह्या बाजूस मराठी शाळा चालविल्या, आणि १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटास उतरले. त्यांनी अक्षर शिकविले, शास्त्राचे भाषांतर लोकांपुढे ठेविले, तापाने व पटकीने देह ठेविले. त्यांचे उपकार आम्ही विसरू नयेत. परंतु ते आपल्या देशाची गीते आपल्या देशाच्या चालींसह घेऊन आले, व शब्द तेवढे मराठी केले.

ह्यात बिघडले कोठे? इंग्रजी पद्याची चाल शब्दातील आघातावर उभी असते. मराठी पद्य अक्षरांच्या मोजणीवर, अथवा ऱ्हस्वदीर्घ मात्रांवर उभे असते. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसविला म्हणजे जेथे सूर लांबतो तेथे ऱ्हस्व अक्षर येते व ताणले जाते, आणि जेथे सूर उडी मारतो तेथे दीर्घ अक्षर सापडते व चेंगरते. गाणाऱ्यास शब्द ओळखू येत नाही. ऐकणाऱ्यास तर मुळीच नाही. पौल करिंथच्या मंडळीस सांगतो की आत्म्याने गावे आणि बुद्धीनेही गावे. ज्या गीताचे शब्दच कानास सापडत नाहीत ते बुद्धीने गावे तरी कसे?

हे दुःख टिळकांच्याही आधी काही सेवकांस कळले होते. अहमदनगरकडील कृष्णराव रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांचे नाव ह्या संबंधात आदराने घेतले पाहिजे. त्यांनी देशी चालींवर पदे रचिली. त्यांचे आत्मसमर्पणाचे एक पद तर देशी चालीसह इंग्रजीत जाऊन परदेशच्या गीतसंग्रहांतही शिरले. शास्त्रातील कथा कीर्तनाच्या रूपाने गाऊन सांगण्याचा प्रघात १८६० च्या दशकात अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पडला, त्यातही सांगळ्यांचा हात होता. म्हणजे वाट सुरू झाली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला.

३. टिळकांनी काय केले

१९०४ साली टिळकांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. मोठ्या शहरांत त्यांची वक्तृत्वाची कीर्ती होती. तरी राहुरीसारख्या लहान गावात राहून शेतकरी व मजूर ख्रिस्ती लोकांत काम करणे त्यांनी हलके मानिले नाही. ज्यांस अक्षर नाही, ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या शेतात जातो, ज्यांस सायंकाळी भाकरीनंतर अर्धा घटका काय तो मोकळी मिळते, अशांस प्रभूचे वचन कसे पोहोचवावे? पुस्तकाने पोहोचत नाही. प्रवचन दुसऱ्या दिवशी विसरते. परंतु अभंग विसरत नाही.

म्हणून टिळकांनी तीन जुनी भांडी घेतली आणि त्यांत नवा द्राक्षारस भरला. पाहता पाहता ती भांडीही नवी झाली.

पहिले भांडे अभंगाचे. उपदेशक बंधूंनी अभंगाची रचना समजून घ्यावी, ती कठीण नाही. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तीन चरणांत सहा सहा अक्षरे, चौथ्यात चार. आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. पाठासाठी म्हणून आम्ही लूक १५ मधील हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर दोन कडवी जुळविली आहेत, ती पाहा :

एक हरवले । काट्यांत गुंतले ।
स्वामीने शोधिले । रात्रभरी ॥
खांद्यावरी घेई । आनंदे तो येई ।
शेजाऱ्यांस देई । समाचार ॥

ह्यात कवित्व नाही, आणि आम्ही तसा दावाही करीत नाही. परंतु बोटांवर मोजून पाहा : सहा, सहा, सहा, चार. एवढ्या मापात एक दाखला बसतो व निरक्षर माणूस तो दोन वेळा ऐकून तिसऱ्या वेळी म्हणू लागतो. टाळ कोठे पडावा हे त्यास सांगावे लागत नाही. टिळकांनी ह्याच मापात प्रार्थना केली, पश्चात्ताप केला, वधस्तंभापाशी अश्रू ढाळले.

दुसरे भांडे ओवीचे. जात्यावरची ओवी साडेतीन चरणांची. पहिल्या तिहींस यमक, चौथा आखूड. ज्ञानेश्वरांपासून आमच्या आजीपर्यंत सर्वांनी ती म्हटली. प्रभु येशूचे संपूर्ण चरित्र ओवीत सांगावे असा संकल्प टिळकांनी केला व त्या ग्रंथास 'ख्रिस्तायन' हे नाव दिले. त्या ग्रंथाची गोष्ट पुढे येईल.

तिसरे भांडे कीर्तनाचे. कीर्तनात नमन असते, मग पूर्वरंगात एक वचन घेऊन त्याचे निरूपण, मध्ये सर्वांनी भजन, मग उत्तररंगात त्याच वचनास धरून एक आख्यान, आणि शेवटी आरती अथवा प्रार्थना. हे पाहिले म्हणजे वाटते की जणू दाखले सांगणाऱ्या प्रभूसाठीच हा साचा घडविला आहे! पूर्वरंगास क्षमेचे वचन घ्यावे, उत्तररंगास उधळ्या पुत्राचे आख्यान घ्यावे, झाले कीर्तन. प्रवचनकार बोलत असता मंडळी ऐकते, कीर्तनकार बोलत असता मंडळी मधूनमधून गाते. हा भेद लहान नाही.

आज मराठी मंडळ्यांच्या हाती असलेल्या 'उपासना-संगीत' ह्या ग्रंथात टिळकांची शंभराहून अधिक गीते आहेत. १९१२ पासून मरेपर्यंत ते 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करीत होते, आणि त्या पानांतूनही त्यांची पदे गावोगाव गेली. कोठल्या खेड्यातील कोणती बाई आपले कोणते पद म्हणत आहे, हे त्यांस कधी कळले नसेल. पण गाणे असेच वाढते. पेरणारा झोपतो व उठतो. बीज कसे रुजते हे तो जाणत नाही.

४. गाण्याची किंमत

गाणाऱ्या माणसास लोक सुखी समजतात. टिळकांचे गाणे सुखातून निघाले नाही, आणि हे सांगितल्यावाचून आमचा पाठ खोटा ठरेल.

बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यांनी जातच गमाविली नाही, तर घरही गमाविले. लक्ष्मीबाई सोवळ्याच्या घरात वाढलेल्या. पती ख्रिस्ती झाला ही वार्ता त्यांस विजेसारखी लागली. लहान दत्तूस घेऊन त्या माहेरच्या माणसांत राहिल्या. जवळजवळ पाच वर्षे हे कुटुंब दुभंगलेले होते. पती उपदेश करीत होता, लोकांस देवाच्या प्रीतीविषयी सांगत होता, आणि त्याची स्वतःची पत्नी त्याच्या हातचे पाणी घेऊ शकत नव्हती. आमच्या किनाऱ्यावर ज्यांनी ज्यांनी एकट्याने प्रभूचे नाव घेतले आहे, त्यांस हे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

टिळकांनी जबरदस्ती केली नाही. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाई जवळ राहावयास आल्या तेव्हाही त्यांचे सोवळे त्यांनी मोडले नाही; स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, असेच चालू दिले. हळूहळू बाईंच्या मनातील भिंत आतूनच पडली. सर्व माणसे देवानेच केली असतील तर त्यांत उच्च नीच ठरविणारे आपण कोण, हा विचार त्यांच्या मनात उभा राहिला व त्याने सोवळे गिळून टाकिले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पौल व सीला ह्यांस फिलिप्पैच्या तुरुंगात आतल्या कोठडीत घातले होते, पाय खोड्यात होते, पाठीवर फटके होते. तरी मध्यरात्री ते गात होते, आणि बाकीचे बंदिवान ऐकत होते. गाणे मध्यरात्रीचे असले म्हणजे त्यास ऐकणारे मिळतात. टिळकांचे गाणे खोलवर जाते ते ह्यामुळेच की ते खोड्यात पाय असताना गायिलेले आहे.

५. गाणे दिले व परत आले

आता 'ख्रिस्तायना'ची गोष्ट. ओव्यांचा तो ग्रंथ टिळकांच्या हातून पुरा झाला नाही. सुमारे दहा अध्याय रचून झाले होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, परंतु ख्रिस्तास गुरु मानणारे, अशा सर्वांचा 'देवाचा दरबार' भरवावा अशी त्यांची ओढ होती. ह्या गोष्टीविषयी त्या काळी मंडळ्यांत मतभेद झाले. परंतु शरीर थकले होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांनी देह ठेविला.

मग तो ग्रंथ कोणी पुरा केला? ज्यांनी पूर्वी ख्रिस्ती पतीचे पाणी घेतले नाही त्या लक्ष्मीबाईंनी! त्यांचे शिक्षण किती? लग्नानंतर पतीने शिकविले तेवढे, तेही अर्धवट. जोडाक्षरांची त्यांस जन्मभर अडचण. पंडिताचा ग्रंथ अशा बाईने पुरा करावा ही गोष्ट चमत्कारिक वाटते. परंतु ओवी ही पंडिताची नव्हती. ती जात्याची होती, ती बाईंच्या आईची व आजीची होती. टिळकांनी जर आपला ग्रंथ मोठमोठ्या संस्कृत वृत्तांत बांधिला असता, तर तो बहुधा त्यांच्या बरोबरच संपला असता. त्यांनी तो सर्वांच्या मापात बांधिला, म्हणून दुसऱ्याच्या कंठास तो पुढे चालविता आला. लक्ष्मीबाईंनी साठांहून अधिक अध्याय रचिले. १९३६ साली त्याही निवर्तल्या, आणि १९३८ साली 'ख्रिस्तायन' छापून निघाले.

आमच्या पाठाचे सार येथे आहे. टिळकांचे सर्वांत मोठे काम कोणते, असे कोणी विचारले तर आम्ही त्यांच्या एखाद्या गोड पदाकडे बोट दाखविणार नाही. त्यांनी गाणे अशा रीतीने रचिले की त्यांच्या मागे दुसऱ्यास ते गाता यावे, एवढेच नव्हे तर वाढविताही यावे, हेच त्यांचे मोठे काम होय. जो उपदेशक असा गातो की लोक म्हणावेत "काय गातो!", त्याने आपला मोबदला घेतला. जो असा गातो की लोकच गाऊ लागतात, त्याचा मोबदला अजून यावयाचा आहे.

६. आमच्या किनाऱ्यास हे लागू करावे

कोणी म्हणेल, हे देशावर झाले, कोकणात चालेल काय? आमच्या किनाऱ्यानेच ह्याची साक्ष दिलेली आहे.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे तारू फुटले, असे बेने इस्राएल लोक परंपरेने सांगतात. शनिवार पाळून तेल गाळणारे हे लोक. त्यांची आडनावे अजून किहीम, दिवेआगर, रोहे-अष्टमी अशा आमच्याच गावांवरून ओळखली जातात. त्यांनी १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तनाची प्रथा सुरू केली. अब्राहाम, योसेफ व मोशे ह्यांची आख्याने मराठी पदांत रचून ते टाळांच्या साथीने गाऊ लागले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक इस्राएल देशास गेले. मराठी बोली व गाणी त्यांनी बरोबर नेली. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गाव आहे. पोर्तुगीज १७४० साली चौल सोडून गेले, तरी तेथील रोमन ख्रिस्ती घरांत त्यांच्या भाषेपासून झालेली बोली अद्याप बोलतात. राज्ये जातात, किल्ले पडतात. तोंडात बसलेले मात्र टिकते. मग प्रभूचे वचन आमच्या तोंडात बसवावयाचे की कपाटात, हे आम्हीच ठरवावे.

उपदेशक व मंडळीचे पंच यांजसाठी आम्ही चार सूचना करितो.

पहिली : मंडळीतील जाणत्या बायांस विचारा. धवला, आवणीची गाणी, पाळण्याच्या ओव्या ज्यांस येतात, त्यांच्या चाली ऐका. शब्द प्रभूच्या गौरवास न शोभणारे असतील तर ते घेऊ नका. चाल निष्पाप आहे, ती घ्या. मात्र जी चाल ऐकताच मनात दारूचा गुत्ता अथवा तमाशा उभा राहतो ती सोडून द्या. सर्व गोष्टींची मोकळीक आहे, पण सर्व गोष्टींनी वाढ होत नाही.

दुसरी : एका महिन्यात एकच नवे गीत शिकवा. प्रथम शब्द वाचून अर्थ सांगा, मग ध्रुपद सर्वांकडून म्हणवा, मग एकेक कडवे. शेवटच्या रविवारी पेटी बंद ठेवा आणि केवळ टाळावर म्हणा. तेव्हा कळेल की गीत मंडळीचे झाले की अजून वाजविणाराचेच आहे.

तिसरी : कीर्तन करावयाचे असेल तर एकच वचन व एकच आख्यान घ्या. पुष्कळ उपदेशक एका रात्रीत उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जातात आणि लोक मध्येच घरी जातात. तास दीड तास पुरे. कोळीवाड्यात भरतीओहोटी पाहून वेळ ठेवा. होड्या निघावयाच्या रात्री कीर्तन ठेवून रिकामी जागा पाहून रागावू नका.

चौथी, आणि ही आमच्या स्वतःच्या कानास आधी लागू : आपल्या आवाजावर प्रीती करू नका. गोड गळा हे दान आहे, पण मोहही आहे. प्रभु येशूने वल्हांडणाच्या रात्री शिष्यांबरोबर गीत गायिले व मग तो जैतुनाच्या डोंगराकडे गेला. त्या रात्री वरचा सूर कोणाचा होता हे शास्त्र सांगत नाही. सर्व मिळून गायिले एवढेच सांगते. आणि त्यानंतर एकटाच होता तो आमच्यासाठी मरावयास गेला.

ती वृद्ध विधवा आता प्रभूपाशी आहे. तिच्या पेरणाऱ्याच्या ओव्या आम्ही उतरून घेतल्या नाहीत, ही आमची खंत आहे. परंतु पुढील रविवारी आम्ही तिला म्हणावयास सांगितले होते, आणि ती उठून भिंतीस टेकून उभी राहिली, डोळे मिटले, व म्हणू लागली. दुसऱ्या ओवीस तिची सून मिळाली. चौथ्या ओवीस सर्व बाया मिळाल्या. आम्ही पेटीवर हात ठेवून होतो. तो आम्ही उचलून मांडीवर ठेविला.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. शौलास दावीदाच्या वाद्याने विसावा मिळाला. आपल्या गावात आज कोणास अशा विसाव्याची गरज आहे? त्याच्या घरी कोण जाईल?

२. 'आत्म्याने व बुद्धीने' गाणे म्हणजे काय? आपण नेहमी म्हणतो त्या गीतांपैकी कोणत्या गीताचा अर्थ आपणांस सांगता येत नाही?

३. टिळकांनी पत्नीवर जबरदस्ती न करता वाट पाहिली. ज्यांच्या घरात एकच माणूस विश्वासी आहे अशांस ह्यावरून कोणता धीर मिळतो?

४. फिलिप्पैच्या तुरुंगात बंदिवान ऐकत होते. आपल्या संकटात आपले गाणे कोण ऐकत आहे?

५. आपल्या मंडळीत कोण गातो व कोण गप्प बसतो? गप्प बसणारास आपण कधी विचारले आहे काय?

घरी करावयाचे काम : कुटुंबातील सर्वांत वडील बाईकडून एक जुनी ओवी अथवा चाल शिकावी, आणि तिच्यात प्रभूचा एक दाखला बसवून पुढील रविवारी आणावा. कसा साधला ह्याची लाज धरू नये.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या पूर्वजांच्या कंठात तूच सूर ठेविलास. तो आम्ही भीतीने अथवा गर्वाने दाबून ठेवू नये असे कर. तुझे वचन आम्हांमध्ये विपुलतेने राहो. आणि आम्ही गेल्यावर आमची मुले ते गावोत. आमेन.